कंपनीतला पहिला दिवस : सही करण्याआधी

 

आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द आहे 'इंडक्शन'. आपल्याकडे इंडक्शन म्हटलं की विजेची शेगडी आठवते. पण वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा एमआयडीसीत कामाला लागलेली पोरं-पोरी घरी येऊन सांगतात, "आई, सोमवारी माझं इंडक्शन आहे." तेव्हा ते शेगडीबद्दल बोलत नसतात. नव्या सुनेला पहिल्या दिवशी घरातली मोठी बाई सांगते ना, पाणी कुठं, देवघर कुठं, सासऱ्यांना चहा किती वाजता लागतो, तसंच हे. कंपनीत नव्यानं लागलेल्या सगळ्यांना पहिल्या दिवशी, कुठं कुठं पहिले दोन-तीन दिवस, एका हॉलमध्ये बसवतात. कंपनी काय बनवते ते सांगतात, नियम सांगतात, कागद भरून घेतात आणि मग कामावर सोडतात.

तुम्ही म्हणाल, हा विषय बचत गटाच्या कार्यक्रमात कशाला? तर कारण सांगते. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. तेव्हा गंगापूर, पैठण, खुलताबादकडची गडीमाणसं कामाला गेली आणि बायांनी शेत सांभाळलं. आता चित्र बदललंय. आपल्या गटातल्या बायांच्या लेकी आणि सुना कंपनीच्या बसमध्ये बसतायत. ७ सप्टेंबर २०१९ ला शेंद्र्याच्या ऑरिक या औद्योगिक शहराचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्याच दिवशी, त्याच दौऱ्यात, महिला बचत गटांचा राज्यस्तरीय मेळावा आपल्याच शहरात झाला. ऐकणाऱ्यांपैकी काही जणी तिथं असतील. मग २९ सप्टेंबर २०२४ ला पैठण रोडवरचं बिडकीनचं औद्योगिक क्षेत्र सुरू झाल्याचं जाहीर झालं, ७,८५५ एकरांचं. टोयोटा किर्लोस्करनं त्याच वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारशी सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या कारखान्याचा करार केला, तोही या भागासाठीच. म्हणजे येत्या काही वर्षांत आपल्या बऱ्याच लेकरांचा असा पहिला दिवस उगवणार आहे. त्या दिवशी काय होतं हे आईला माहीत असलं, तर ती लेकीला नीट तयार करून पाठवेल.

गेल्या वर्षी शेंद्र्यातल्या एका मोठ्या कंपनीच्या इंडक्शनला मी मागच्या खुर्चीवर बसले होते. आमच्या ग्रामसंघातल्या पाच जणींच्या मुली तिथं लागल्या होत्या आणि कंपनीतल्या मॅडमनी मला बसायची परवानगी दिली. तो दिवस कसा जातो ते आधी सांगते.

सव्वाआठला गेटवर हजर. रजिस्टरमध्ये नाव, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, गळ्यात पास. मग हॉल. प्रत्येकाच्या खुर्चीवर एक फाइल, एक पेन, पाण्याची बाटली. आधी पडद्यावर कंपनीची फिल्म. कंपनी कधी सुरू झाली, माल कुठल्या देशात जातो, मालक काय म्हणतात. मग एचआरचे साहेब. वेळ, गणवेश, सुट्ट्या, मोबाइल, तंबाखू-गुटख्याला बंदी. मग सेफ्टी ऑफिसर. मग कॅन्टीनमध्ये जेवण. जेवल्यावर कारखान्यात फेरी. जमिनीवर पिवळ्या रेघा मारलेल्या असतात, चालायचं त्या रेघांच्या आतूनच. आणि चार वाजता पुन्हा हॉलमध्ये, कागद भरायला.

मी घड्याळ बघत होते. बोलणं-दाखवणं झालं जवळपास सहा तास. कागदांना मिळाली वीस मिनिटं. प्रत्येकाच्या हातात फॉर्मांचा गठ्ठा. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं आधीच फुली मारलेली. पोरं फुली शोधत होती आणि सही करत होती. मान वर नाही. तेवढ्यात आपल्यातल्याच एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, हा कागद कशाचा आहे?" सगळी रांग थांबली. साहेब रागावले का? अजिबात नाही. ते पुढं आले आणि एकेक कागद उचलून सांगायला लागले. हा पीएफचा, हा ईएसआयचा, हा ग्रॅच्युइटीच्या वारसाचा. दहा-बारा मिनिटं छान समजावलं. त्यांना सांगायला येत होतं. एकीनं विचारलं म्हणून चाळीस जणांना कळलं.

आता आपल्याकडे बघा. आपल्या गटात ठराव वाचून दाखवल्याशिवाय कुणी सही करतं का? अंगठा लावणारी बाईसुद्धा म्हणते, "आधी वाच, मग लावते." पन्नास रुपयांच्या बचतीला पासबुकात नोंद मागतो आपण. ही शिस्त आपण वर्षानुवर्षं पाळतो. पण लेक कंपनीत जायला निघाली की आपणच तिला काय सांगतो? "गप बसायचं. मान खाली घालून काम करायचं. साहेबाला उलटं विचारायचं नाही." माझं आजचं सांगणं एवढंच आहे की गटाची शिस्त कंपनीच्या गेटवर सोडून जायची नाही. पहिल्या दिवशी ऐकायचं, विचारायचं आणि वाचल्यावरच सही करायची.

मग काय विचारायचं? चार गोष्टी सांगते. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट : माझं नाव कुणाच्या रजिस्टरवर?

गेट एका कंपनीचं असतं, टोपीवर नाव त्याच कंपनीचं असतं, पण पगार देणारा ठेकेदार असू शकतो. किंवा तुमची मुलगी अॅप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार असू शकते. शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळतं. त्यातून पीएफ कापला जात नाही आणि मुदत संपली की ती नोकरीत राहीलच असं नाही. २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही तशीच. बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. चांगली योजना आहे, पण ते प्रशिक्षण आहे. घरी "लेक कंपनीत पर्मनंट झाली" म्हणून पेढे वाटले आणि काही महिन्यांनी ती घरी आली, असं व्हायला नको.

म्हणून नेमणूक पत्र मागायचं. देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं बंधनकारक केलं आहे. त्या पत्रात तीन ओळी शोधायच्या. नेमणारा कोण, कामाचं नाव काय, पगार किती. 'हातात किती' एवढंच न विचारता मूळ पगार किती तेही विचारायचं, कारण पीएफ त्यावर ठरतो. ठरावीक मुदतीची नोकरी असेल तर मुदत कधी संपते ते बघायचं. नव्या संहितेत अशा कामगारालाही एक वर्ष काम झालं की ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

ठेकेदाराकडे असलात तरी घाबरू नका. ठेकेदारानं पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, असं कायदाच सांगतो. पण त्यासाठी आपण तिथं काम केलं याचा कागद हवा. पास, पगाराची चिठ्ठी, हजेरीचा फोटो, जे मिळेल ते जपून ठेवा.

दुसरी गोष्ट : माझं नाव सगळीकडे एकच आहे का?

पुरुषांना ही अडचण येत नाही, आपल्याला येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत कुणीतरी अर्धंच लिहिलेलं. पीएफमधलं नाव आधारशी जुळावं लागतं. नाही जुळलं तर पैसे काढायच्या वेळी अडतात. म्हणून मुलगी मुलाखतीला जायच्या आधीच आधार, पॅन आणि बँक पासबुक शेजारी-शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर तपासा. मोबाइल नंबर तिचा स्वतःचा असू द्या. भावाचा किंवा नवऱ्याचा नको, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो.

पीएफचा हिशोब सोपा आहे. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, यावर १२ टक्के मुलीच्या पगारातून कापतात आणि तेवढेच १२ टक्के मालकानं घालायचे. समजा ही रक्कम १२,००० आहे. तर तिचे १,४४० आणि मालकाचे १,४४०. मालकाच्या हिश्श्यातला मोठा भाग पेन्शनच्या खात्यात जातो. हे सगळं ज्या बारा आकडी नंबरावर जमा होतं त्याला यूएएन म्हणतात. हा नंबर जन्मभर एकच. कंपनी बदलली, ठेकेदार बदलला, तरी जुनाच नंबर द्यायचा. पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात एक फॉर्म असतो, त्यात विचारतात, "आधी पीएफ होता का?" पुष्कळ जणी घाईत 'नाही' लिहितात. मग दोन-तीन नंबर होतात आणि नोकरीची वर्षं तुकड्या-तुकड्यांत विखुरतात. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. तुकडे जोडलेले नसले तर ती दहा वर्षं कागदावर दिसणारच नाहीत.

वारसाचं नावही तिथंच भरतात. लग्नाआधी आईचं नाव दिलं असेल तर लग्नानंतर ते नामांकन रद्द धरलं जातं, नव्यानं भरावं लागतं. आपल्या सुनांनी हे केलंय का, आज संध्याकाळी विचारा.

ईएसआय म्हणजे राज्य विमा. महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू होते. पगाराच्या पाऊण टक्का आपल्याकडून, सव्वातीन टक्के मालकाकडून. १२,००० पगारावर आपले फक्त ९० रुपये आणि मालकाचे ३९०. त्यात कामगाराला, नवऱ्याला, मुलांना आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांना उपचार मिळतात. घरच्यांची नावं मात्र नोंदवलेली हवीत. कामावर इजा झाली तर 'अजून महिना भरला नाही' असं कुणी म्हणू शकत नाही, ते संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दिसला, तर यात धरतात.

तिसरी गोष्ट : जीव.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबून ऐका. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. कामगार आतच झोपलेले होते. सहा जण गेले. पोटासाठी दूरवरून आलेली माणसं होती ती.

सेफ्टी ऑफिसर बोलायला उभा राहतो तेव्हा हॉलमधली निम्मी पोरं पेंगत असतात. जेवणाची वेळ होत आलेली असते. पण सहा तासांतला सगळ्यात मोलाचा भाग तोच. मुलीला सांगून ठेवा, तीन गोष्टी डोळ्यांनी बघूनच घरी ये. तुझ्या जागेपासून बाहेर पडायचा जवळचा दरवाजा कुठला आणि तो उघडतो का. आग लागली किंवा वायू सुटला तर सगळ्यांनी जमायची मोकळी जागा कुठली. आणि तुझं मशीन बंद करायचं लाल बटण कुठं. सेफ्टी ऑफिसरनं तोंडी सांगितलं असलं तरी फेरीच्या वेळी "सर, तो दरवाजा दाखवता का?" म्हणायचं. दाराला कुलूप किंवा पुढं माल रचलेला दिसला, तर तेही विचारायचं.

आपल्या मुलींसाठी आणखी एक. मशीनवर ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या, मंगळसूत्र यांना मनाई करतात. घरातल्या मोठ्या माणसांना ते खटकतं. "सवाष्णीनं मोकळ्या हातानं राहायचं?" असं सासू म्हणते. फिरत्या मशीननं ओढणी ओढली तर बाई ओढली जाते, हे सासूला समजावणं आपल्या गटाचं काम आहे. मंगळसूत्र घरी देवापाशी ठेवलं तर कुंकू पुसत नाही.

चौथी गोष्ट : बाई म्हणून माझं काय?

हा भाग इंडक्शनमध्ये बहुतेक ठिकाणी शेवटी आणि घाईत उरकतात, आणि मुलांसमोर मुली विचारायला लाजतात. म्हणून घरूनच शिकून गेलेलं बरं.

एक. दहा किंवा जास्त माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, असा २०१३ चा कायदा आहे. समितीची अध्यक्ष बाईच असते, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत आणि बाहेरची एक सदस्य असावी लागते. ठेक्यावरची, शिकाऊ, रोजंदारीची, सगळ्यांना तिथं तक्रार करता येते. मुदत तीन महिन्यांची. मुलीनं पहिल्या दिवशी एवढंच विचारायचं, "समितीतल्या मॅडमचं नाव आणि नंबर कुठं लावलाय?" जिथं दहापेक्षा कमी माणसं आहेत, तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

दोन. बाळंतपणाची रजा २६ आठवडे, पहिल्या दोन मुलांसाठी, पगारासह. ईएसआय असेल तर पैसे तिकडून मिळतात. आणि हे लक्षात ठेवा : नेमणूक होतानाच प्रत्येक बाईला हे सगळे लाभ लेखी कळवायचे, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीनं कायद्यात आली. म्हणजे तिनं विचारलं तर ते आगाऊपणाचं नाही. सांगणं त्यांचंच काम आहे.

तीन. पन्नास किंवा जास्त लोक असतील तिथं पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यायला हवं. लहान लेकरू मागे ठेवून जाणाऱ्या सुनेला हे ठाऊक हवं.

चार. रात्रपाळी. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बाईला कामावर बोलवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची सोय मालकानं करायची. तेव्हा बस कुठपर्यंत सोडते, फाट्यावर की गावात, हे पहिल्याच दिवशी विचारा. फाट्यापासून गावापर्यंतचा अंधारातला दीड किलोमीटर कंपनीच्या नकाशावर नसतो, आपल्याच काळजीत असतो.

आता तुमच्या मनातला प्रश्न मला इथं बसून ऐकू येतोय. "इतकं विचारलं तर पहिल्याच दिवशी काढून टाकतील ना?" भीती खोटी नाही. काम हवंय, घरात कर्ज आहे, मागे रांग लागलेली आहे. म्हणून विचारायची रीत सांगते. भांडणाचा सूर नको. "सर, मला समजलं नाही, परत सांगता का?" या वाक्यावर कुणी रागवत नाही. एकटीनं विचारण्यापेक्षा दोघी-तिघींनी ठरवून एकेक प्रश्न वाटून घ्या. शेवटी "काही शंका?" विचारतात, तीच वेळ साधा. आणि कोरा कागद पुढं आला तर म्हणायचं, "सर, भरून द्या, लगेच सही करते." कोऱ्या कागदावर मात्र सही नाही, मग तो कुणीही देवो.

लहान वर्कशॉपमध्ये आणि बऱ्याच ठेकेदारांकडे इंडक्शन होतच नाही. सकाळी गेटवर उभं केलं आणि मशीनवर लावलं, असं चालतं. तिथं आपलं इंडक्शन आपणच करायचं. जी मुलगी आधीपासून तिथं आहे, तिच्याकडून दरवाजा, बटण, पगाराची तारीख आणि पीएफ भरतात का ते विचारून घ्यायचं. पीएफ खरंच भरला जातो का हे घरबसल्या कळतं. यूएएन आधार-बँकेशी जोडलेला असेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्यायचा, शिल्लक मेसेजनं येते. दर महिन्याला आपण गटाचं पासबुक बघतो, तसंच हे.

आणि एक सावधगिरी. "इंडक्शनची फी भरा, गणवेशाचं डिपॉझिट भरा, मग कॉल लेटर येईल" असे फोन येतात, मोठमोठ्या कंपन्यांची नावं सांगतात. नोकरी देण्यासाठी पैसे मागणाऱ्यापासून चार हात लांब राहा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा.

आता गटाचं काम. पुढच्या बैठकीत बचत आणि कर्जवाटप झालं की अर्धा तास यासाठी ठेवा. गावातल्या ज्या मुली कंपनीत जातात त्यांना बोलवा आणि त्यांचा पहिला दिवस कसा गेला ते सांगायला लावा. ज्या येत्या महिन्यांत जाणार आहेत, त्यांना समोर बसवा. प्रत्येकीची एक फाइल करा. आधार, पॅन, पासबुक, गुणपत्रिका यांच्या दोन-दोन झेरॉक्स, सहा फोटो, जुना यूएएन असेल तर तो कागदावर लिहून. आणि फाइलच्या पहिल्या पानावर हे चार प्रश्न मोठ्या अक्षरात. माझं नाव कुणाच्या रजिस्टरवर? माझं नाव सगळीकडे एक आहे का? दरवाजा कुठं? समितीतल्या मॅडम कोण?

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा बायांनी आपले गट चालवले, बँकेच्या साहेबासमोर बसून कर्ज मंजूर करून घेतलं, हप्ते फेडले. त्यांच्या लेकी बारावी आणि आयटीआय शिकून कंपनीत चालल्या आहेत. डबा भरताना, वेणी घालताना त्यांच्या कानात एवढं घाला : "सही करायच्या आधी वाच, आणि नाही कळलं तर विचार."

तुमच्या गटातल्या मुलींचे अनुभव आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर रामराम.